नंदुरबारपर्यंत दाबलेले बटण

उधना, सुरत
रविवार, दि. १० ऑगस्ट २०२५

कै. सौ. प्रमिला भाईदास सैंदाणे हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. विनंती विशेष.

पतीच्या आधी गेलेल्या स्त्रीचे ‘सौ.’ काढावे की ठेवावे, हे मी भटजींना विचारले. ते म्हणाले की ते जात नाही, फक्त त्याच्याआधी ‘कै.’ येते. त्याप्रमाणे लिहिले आहे. आशीर्वाद लिहिणे योग्य की अयोग्य, हे मात्र विचारायचे राहून गेले. चूक असल्यास ती माझी समजावी.

तेरावा काल झाला. आपली हर्षदा आज सकाळच्या विमानाने बंगळूरला परतली. जाताना तिने मला सांगितले की मनात येईल ते कुणाशी तरी बोलत जा. घरात बोलण्यासारखे कुणी नाही, आणि भिंतीशी बोलणारा मनुष्य मला कधीच आवडला नाही. म्हणून हे पत्र.

तक्रार तुझ्या कॉम्प्युटरची आहे. त्या सोमवारी तुला तुझ्या कामाच्या खोलीतून, खुर्चीवरूनच उचलून दवाखान्यात नेले. कॉम्प्युटर चालू राहिला तो राहिलाच. घरी तुझ्या जागी दहा दिवस दिवा तेवत होता. तिकडे तुझ्या हाताखाली शिकलेल्या सुमनने आणि तिच्या मैत्रिणींनी कॉम्प्युटरलाही कुणाला हात लावू दिला नाही. मावशीचे काम अजून चालू आहे, असे त्या म्हणत. मला हे अकराव्या दिवशी कळले. चौतीस वर्षे मी कापड-प्रक्रियेच्या मिलमध्ये डाइंग खात्यात काढली. रिकाम्या खोलीत अकरा दिवस यंत्र चालू असणे म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. मी गेलो आणि कॉम्प्युटर बंद केला. नियमाने केला. वायर ओढली नाही, पडद्यावर जिथे ‘बंद करा’ असे असते तिथेच दाबले.

तेव्हापासून तो सुरू होत नाही. बटण दाबतो, काही होत नाही. सुमन आली, तिने पाहिले, आणि चार बायकांसमोर मला म्हणाली की काका, तुम्हाला एवढी कसली घाई झाली होती. मी तिला सांगितले की यंत्रास भावना नसतात. ती म्हणाली की ते मला दिसतेच आहे. नंतर माझ्या लक्षात आले की तिचे उत्तर यंत्राविषयी नव्हते.

तुझ्या बारा बॉर्डरींच्या डिझाइन त्यात आहेत. गणपती बसण्याच्या आधी, म्हणजे २६ तारखेपर्यंत, त्या काम देणाऱ्या पार्टीला द्यायच्या आहेत. न दिल्यास हे काम सुमनच्या हातून जाईल, असे तिनेच सांगितले. खोली ३१ तारखेस मालक नगीनभाईंना रिकामी करून द्यायची आहे. या दोन्ही तारखा तुला माहीत होत्या. मला आता माहीत झाल्या.

तुझा,
भाईदास


उधना, सुरत
सोमवार, दि. ११ ऑगस्ट २०२५

श्री. गोपालराव निकुंभ यांस,
भाईदास सैंदाणे याचा स. न. वि. वि.

आपण दहाव्यास येऊन गेलात, परंतु गर्दीत आपल्याशी नीट बोलणे झाले नाही. आपल्याला ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही, हेही एक कारण झाले. आपल्याला पत्रे लिहिण्याचे काम आजवर आपली बहीणच करीत असे. आता ते माझ्याकडे आले आहे, असे समजावे.

आपण अमळनेरात चाळीस वर्षे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करीत आहात, म्हणून एक तांत्रिक बाब विचारतो. प्रमिलाचा कॉम्प्युटर मी दि. ७ रोजी रीतसर बंद केला. त्यानंतर तो पुढच्या बटणाने सुरू होत नाही. आपल्याला ठाऊकच आहे की ती साड्यांच्या बॉर्डरीचे पंचिंग करीत असे, म्हणजे कॉम्प्युटरवर एकेक टाका आखून भरतकामाच्या यंत्राला चित्र शिकवीत असे. तिचे शेवटचे काम त्यात अडकले आहे. तिच्या हाताखाली शिकलेल्या सुमनची पुढची उपजीविका त्यावर अवलंबून आहे, आणि मुदत २६ तारखेची आहे.

उपाय कळवावा. आपली प्रकृती सांभाळावी.

आपला,
भा. गं. सैंदाणे


अमळनेर
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

ती. दाजी यांस,
गोपालचा शि. सा. न. वि. वि.

दरवर्षी या आठवड्यात सुरतेचा शिक्का असलेले पाकीट येते, त्यात राखी असते. यंदा राखीचा प्रश्नच नव्हता, तरी पोस्टमन पाकीट घेऊन आला आणि हात आपोआप पुढे गेला. मग अक्षर पाहिले. अक्काचे अक्षर उताराला लागलेल्या सायकलसारखे असायचे. तुमचे अक्षर म्हणजे सरकारी कचेरीतली रांग. पाकीट दुकानाच्या फळीवर ठेवून चहा प्यालो, मग उघडले.

दाजी, अडतीस वर्षांच्या नात्यात तुमचे हे मला आलेले पहिले पत्र. शुद्धलेखनाची एक चूक नाही आणि दुखण्याची एक खूण नाही! रेडिओ बिघडला, एवढेच सांगून गेलेल्या गिऱ्हाइकाला मी परत बोलावतो. खरखर येते का? शांत बसतो का? वास येतो का? तुमचा डबा सुरू होत नाही म्हणजे नक्की काय करतो? आतला पंखा फिरतो का? पुढचा दिवा लागतो, विझतो, लुकलुकतो? बटण दाबल्यावर बोटाला टक् लागते की भाकरीच्या पिठात बोट गेल्यासारखे वाटते? कान गेल्यापासून मी सगळी दुरुस्ती डोळ्यांनी आणि बोटांनीच करतो. तुम्हाला तर तिन्ही आहेत. ते वापरून लिहा.

आणि एक. तुम्ही मिलमध्ये नियमाने चाललात, म्हणून मिल चालली. पण यंत्राने पुस्तक वाचलेले नसते. अक्का म्हणायची, आमच्याकडे दुधाला उतू जायचे असेल तर आधी अर्ज करावा लागतो. रागावू नका, हे तिचे वाक्य आहे. मी फक्त पोचवतो.

जेवत जा. तुमच्या घरी आता पोळ्या कोण करते, हे पुढच्या पत्रात न विसरता लिहा.

तुमचा,
गोपाल


(खोलीच्या दारातून आत सरकवलेली चिठ्ठी)

१७ ऑगस्ट, रविवार

आदरणीय काका यांना सुमनचा नमस्कार.

तुम्ही समोर आलात की मला बोलता येत नाही आणि तुम्हाला ऐकायचं नसतं, म्हणून चिठ्ठी टाकते. माझं लिहिणं मोडकंतोडकं आहे, सांभाळून घ्या.

त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. पण काका, पार्टीचा फोन रोज येतो. शेठ म्हणतो, बेन, छब्बीस पछी मने फोन नहीं करती. म्हणजे सव्वीसनंतर तोंड दाखवू नको. मावशी होत्या तेव्हा हाच शेठ चहा पाठवायचा. माझे घरचे कडोदऱ्याला लूमवर बारा-बारा तास उभे असतात. मावशींनी सांगितलं होतं की या बारा डिझाइन झाल्या की पुढचं काम तू तुझ्या नावानं घे. ते नाव अजून कुणाला माहीत नाही. आता नाही झालं तर कधीच होणार नाही.

उधना दरवाजाजवळ दुकान असलेला कुंदन चांगला कारागीर आहे. वीस वर्षं कॉम्प्युटर करतो. त्याला उद्या सकाळी पाठवते. त्याला काम करू द्या. त्याला पुस्तक वाचून दाखवू नका.

तुमचीच,
सुमन बळीराम


उधना, सुरत
सोमवार, दि. १८ ऑगस्ट २०२५

श्री. गोपालराव यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र आज दुपारी पोचले. पोळ्या मी स्वतः करतो. त्या गोल होत नाहीत, परंतु भाजलेल्या असतात.

आपण विचारलेली लक्षणे मी पहिल्या पत्रात लिहिली नाहीत, कारण मला ती अप्रस्तुत वाटली. ती अशी. कॉम्प्युटर बंद केल्यावर पडदा काळा झाला, परंतु पुढचा निळा दिवा विझला नाही. तो आज बाराव्या दिवशीही जळतो आहे. डब्यावर कान ठेवला तर आतला पंखा फुरफुरताना ऐकू येतो. बटण दाबल्यावर बोटाला टक् लागते. त्यापलीकडे काही घडत नाही. आतापर्यंत मी ते एक्केचाळीस वेळा दाबले. प्रत्येक वेळेची नोंद वहीत आहे.

आमच्या मिलमध्ये रंगाची छटा जुळली नाही की एका वेळी एकच घटक बदलून पाहावा, असा नियम होता. त्याच रीतीने मी प्रथम पडद्याची वायर बदलली, मग कीबोर्ड काढला, मग माऊस काढला, मग सर्व काढून पुन्हा लावले. प्रत्येक वेळी बटण दाबले. निळा दिवा माझ्याकडे पाहत राहिला. गोपालराव, मी मनुष्यांवर ओरडलो आहे, परंतु यंत्रावर ओरडण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. काल ती आली. शेजारच्या खोलीतील खाकरेवाल्या बहेन दारात येऊन उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या की भाई, अंदर कोण छे. मी सांगितले की कुणी नाही. ते खरेच होते.

आपण म्हणाल की सरळ वायर का ओढत नाही. त्याचे उत्तर असे की आमच्या खात्यात एकदा एका शहाण्याने यंत्र थांबायच्या आत मेन स्विच ओढला होता, आणि अख्ख्या घाण्याला, म्हणजे रंगात एकदम घातलेल्या सगळ्या कापडाला, डाग पडले होते. जे यंत्र आतून थांबलेले नाही, त्याचा पुरवठा तोडणे मला जमणार नाही.

आज सकाळी सुमनने पाठविलेला कुंदन येऊन गेला. गृहस्थ पन्नाशीचा आहे, कामाचा माणूस वाटतो. त्याने खुर्चीवर बसण्याआधीच बटणाकडे हात नेला आणि म्हणाला की काका, हे दाबून धरायचे, सोडायचे नाही. मी त्याचे मनगट धरले. कॉम्प्युटरसोबत आलेल्या पुस्तिकेच्या नवव्या पानावर स्पष्ट लिहिले आहे की बटण दाबून धरून यंत्र बंद करू नये, माहिती नष्ट होऊ शकते. मी ते पान त्याला दाखविले. तो म्हणाला की काका, हे पान मी कॉम्प्युटर शिकलो तेव्हापासून वाचतो आहे, हात सोडा. मी सोडला नाही. मग तो उठला. जाताना त्याने सांगितले की दुसरा मार्ग म्हणजे आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावून पाहणे, पण ती जुनी आहे, काढताना गेली तर जबाबदारी त्याची नाही. आणि पुस्तिका वाचून संपली की बोलवा, असेही म्हणाला.

आता जे लिहितो ते आपल्यापुरते ठेवावे. त्या दिवशी मी कॉम्प्युटर बंद करू लागलो, तेव्हा पडद्यावर एक प्रश्न आला होता. इंग्रजीत होता, दोन उत्तरे होती. बहुधा काम जतन करावयाचे काय, असा तो असावा. मी तो वाचला नाही. न वाचता कागदावर सही करणाऱ्यांना मी आयुष्यभर बोल लावले, आणि तिथे मी न वाचता दाबले. काय दाबले ते मला आठवत नाही. बारावी डिझाइन त्या वेळी पडद्यावर उघडी होती. तिने त्या सोमवारी सकाळी तिच्यावर काम केले होते.

त्यामुळे मी कुंदनचे मनगट पुस्तिकेसाठी धरले की त्या उत्तराच्या भीतीने, हे मला नक्की सांगता येणार नाही. सुमनला यातील काहीही ठाऊक नाही.

मुदतीस आठ दिवस उरले आहेत. टपालास लागणारा वेळ ध्यानात घ्यावा.

आपला,
भा. गं. सैंदाणे


अमळनेर
गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

ती. दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आत्ताच आले, उत्तर लगेच पोस्टात टाकतो आहे. निळा दिवा जळतो आणि पंखा फिरतो, हे तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिले असते तर आपले दहा दिवस वाचले असते. अप्रस्तुत! दाजी, डॉक्टरकडे जाऊन ताप अप्रस्तुत म्हणणारे तुम्ही एकटेच.

ते वाचले आणि आठवले की हे मी कुठेतरी आधी वाचले आहे. अक्काची पत्रे मी टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो. सकाळभर शोधले. सापडले. गेल्या वर्षीच्या मार्चचे आहे. तिचा मजकूर जसाच्या तसा उतरवतो, कारण मूळ पत्र मी कुणाला देणार नाही, तुम्हालाही नाही:

“भाऊ, मशीनला नवी खोड लागली आहे. संध्याकाळी बंद केले की पडदा काळा होतो, पण दिवा तसाच आणि पंखा फुरफुर करत बसतो. सकाळी बटण दाबले की ढिम्म. रुसलेल्या सुनेसारखे, जागी असून उठायचे नाही. पहिल्या दिवशी मी रडकुंडीला आले. मग रागाने बटण दाबले ते सोडलेच नाही, आणि दिवा विझला. परत दाबले तर सुरू! आता रोज तसेच करते. घड्याळ बघायला चष्मा लागतो, म्हणून माहेरच्या गाडीने मोजते. बटण दाबायचे आणि म्हणायचे, उधना, चलथाण, बारडोली, मढी, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार. नंदुरबारला दिवा विझतो. बोट काढायचे. मग थांबायचे, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर. तुझे गाव आले की हलकेच एकदा दाबायचे. सुमन यायच्या आधी मी त्याला उठवून ठेवते, नाहीतर ती नव्या मशीनच्या मागे लागेल. आणि तुना दाजीले हाई सांगू नको. त्यांना कळले तर आधी मला पुस्तक वाचून दाखवतील, मग विजेचा इतिहास सांगतील, आणि मशीन तसेच राहील.”

झाले. हाच उपाय. शेजारी राहुलचे कॉम्प्युटरचे दुकान आहे, त्यालाही पाटी पुढे करून विचारले. त्याने उत्तर लिहून दिले, ते असे: हल्लीचे कॉम्प्युटर बंद केले तरी पुरते बंद होत नाहीत. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून अर्धे जागे ठेवून झोपतात. कधीकधी त्या अर्धवट झोपेतच अडकतात. मग साध्या बटणाला दाद देत नाहीत. दाबून धरले की पुरवठा खरोखर तुटतो आणि नव्याने सुरू करता येतो. तुमचे नववे पान चालू कामाच्या वेळचे आहे. तुमच्या यंत्रात आता चालू काम काहीच नाही, दाजी. जे जतन व्हायचे ते सात तारखेलाच झाले, आणि जायचे ते सात तारखेलाच गेले. बटण धरल्याने त्यात काही फरक पडणार नाही.

हे शेवटचे वाक्य तीनदा वाचा. मी ते लिहायला तीनदा थांबलो.

सुमनला बोलवा आणि तिच्यासमोर करा. एकट्याने करू नका.

तुमचा,
गोपाल


उधना, सुरत
बुधवार, दि. २७ ऑगस्ट २०२५

श्री. गोपालराव यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र सोमवारी, २५ तारखेस, सकाळी अकरा वाजता मिळाले. घडले ते क्रमाने लिहितो.

प्रथम मला राग आला. सव्वा वर्ष, एकाच घरात, सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर बसून चहा पिणाऱ्या व्यक्तीने एक बिघाड माझ्यापासून लपविला, आणि तो शंभर कोसांवरच्या भावास कळविला. मी आपले पत्र घडी करून खिशात ठेवले आणि अर्धा तास ओट्यापाशी उभा राहिलो. नंतर सुमनकडे गेलो. तिला म्हटले की तुझ्या मावशीची एक चिठ्ठी सापडली आहे, खोलीवर ये. ती हातातले पीठ तसेच ठेवून आली.

मी तिच्यापुढे ते पत्र वाचले, आपल्या टोमण्यांसकट. विजेच्या इतिहासापाशी सुमन हसली. तिने तोंडाला पदर लावला, पण मला दिसले. मी तिला विचारले की मी खरोखर असे करतो काय. ती म्हणाली की काका, पंख्याचा रेग्युलेटर बदलला तेव्हा तुम्ही आम्हाला पाऊण तास उभे केले होते.

मग बटण. बोट मी ठेवले. एक अडचण लगेच उभी राहिली. चलथाण आणि बारडोली यांच्यामध्ये गंगाधरा नावाचे स्थानक आहे, ते प्रमिलाने वगळले आहे. ते घ्यावे की न घ्यावे, असा प्रश्न मी उपस्थित केला. सुमन ओरडली की काका, मावशींची गाडी तिथे थांबत नाही, दाबा! मी दाबले. तिने मोठ्याने नावे घेतली. नंदुरबारला निळा दिवा विझला आणि पंखा थांबला. चार आठवड्यांनंतर ती खोली अगदी शांत झाली. ती शांतता मला सहन होईना. मी लगेच पुन्हा दाबणार होतो, परंतु सुमनने माझा हात धरला आणि उरलेली चार गावे सावकाश म्हटली. अमळनेरला तिने मान हलविली. मी एकदा दाबले.

सुरू झाला.

अकरा डिझाइन पूर्ण आहेत. बारावी अर्धीच आहे. शुक्रवारी संध्याकाळी जिथे थांबली होती तिथेच ती थांबलेली आहे. सोमवार सकाळचे काम त्यात नाही. म्हणजे त्या प्रश्नास मी ‘नाही’ असे उत्तर दिले होते. आता त्यात संशय उरला नाही.

मी सुमनला सर्व सांगितले. ती वाईट बोलेल, अशी माझी अपेक्षा होती, आणि तो तिचा अधिकारही होता. ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली की पोपटांची रांग आहे, मावशींनी सकाळी तीन पोपट काढले होते, चौथ्याच्या चोचीपाशी त्या थांबल्या, मी शेजारीच बसले होते. मी विचारले की तुला ते आठवतात काय. ती म्हणाली की मला सगळे आठवते, पण माझा पोपट त्यांच्यासारखा येत नाही, माझा जरा लठ्ठ येतो.

ती लगेच बसली, आणि काल दुपारी चारपर्यंत, जेवणाखेरीज, उठली नाही. मी चहा केला आणि गप्प बसलो. दुसरे काम अधिक अवघड गेले.

डिझाइन पूर्ण झाल्यावर एक वाद झाला. प्रमिला प्रत्येक डिझाइनला ‘प्र’ आणि क्रमांक असे नाव देत असे. सुमनने शेवटच्या डिझाइनला ‘प्र-१२’ असे लिहिले. मी ते खोडावयास सांगितले. ती म्हणाली की काका, आता तरी नियम ठेवा बाजूला, पार्टीला मावशींचे नाव माहीत आहे, तेच जाऊ द्या. मी म्हणालो की त्यातील निम्म्याहून अधिक टाके तुझे आहेत, आणि चुकीची नोंद मी आजवर कुणाच्याही नावावर होऊ दिलेली नाही, प्रमिलाच्याही नावावर होऊ देणार नाही. तिथे ‘सु-१’ असे लिही. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिला मारले आहे. मग कीबोर्डावर हात ठेवून ती खूप रडली, आणि रडता रडता म्हणाली की काका, तुम्ही फार दुष्ट माणूस आहात. मग तिने ‘सु-१’ असे लिहिले.

सायंकाळी साडेपाचला आम्ही दोघे पार्टीकडे गेलो. शेठने बाराही पाहिल्या. शेवटच्या डिझाइनपाशी तो थांबला आणि विचारले की आ ‘सु’ कोण छे. मी उत्तर देणार होतो, परंतु प्रश्न मला नव्हता. सुमनने सांगितले की मी. शेठ म्हणाला की पोपट जरा जाडा छे, पण डोळे छान आहेत, दिवाळीच्या चार बॉर्डरी घेऊन जा.

आपण म्हणाला होतात की एकट्याने करू नका. तो सल्ला योग्य होता. आपल्या बहिणीची पत्रे मी मागणार नाही. तथापि त्यांत माझ्याविषयी आणखी काही असल्यास, एकेक करून, सवडीने कळवीत जावे. टोमणे गाळू नयेत.

आपला,
भाईदास


उधना, सुरत
रविवार, दि. ३१ ऑगस्ट २०२५

कै. सौ. प्रमिला भाईदास सैंदाणे हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. विनंती विशेष. ही विनंती आज खरोखरच विशेष आहे.

खोली रिकामी झाली. कॉम्प्युटर मी सुमनला दिला. बळीराम टेम्पो घेऊन आला होता. त्याने डबा उचलताना विचारले की काका, हा चालू आहे की बंद. मी म्हणालो की त्याविषयी तुझ्या बायकोला विचार, ती जाणते. सुमनने तो बंद केला, तिच्या पद्धतीने, आणि मी पाहत उभा राहिलो. काही सुचवावेसे वाटले होते. सुचविले नाही. शेठचे काम मिळाल्याच्या चौथ्या दिवशीच ती नवे मशीन घेण्याच्या गोष्टी करू लागली आहे. तुझा अंदाज बरोबर होता.

भिंतीवरचे खिळे मी काढले आणि भोकांत चुना भरला. नगीनभाई म्हणाले की सैंदाणेभाई, हे कोण करते, खिळे तर पुढच्या भाडोत्र्यालाही लागतील. मी म्हणालो की त्याने आपले ठोकावेत.

या महिन्यात मी तुझ्यावर फार रागावलो होतो. आजारी आहेस हे तू मला सांगितले नाहीस, याचा राग मी दवाखान्यातच केला होता. छातीत कळ येते, हे तुला जूनपासून ठाऊक होते, असे डॉक्टर म्हणाले. मग बटणाचे कळले, आणि तोही राग त्यातच मिसळला. एवढी साधी गोष्ट सांगितली असती, तर मी ऐकले असते, असे मी पुष्कळ दिवस स्वतःशी म्हणत होतो. ते खरे नाही. बटणाविषयी मी पाऊण तास बोललो असतो. छातीविषयी दोन तास बोललो असतो, आणि त्यातला पहिला तास तू औषधे वेळेवर घेत नाहीस यावर गेला असता. तुझे न सांगणे बरोबर होते, असे मी लिहिणार नाही. ते बरोबर नव्हते. ज्याला सांगावे असा मी नव्हतो, एवढे मात्र लिहितो, आणि खाली सही करतो, वाचून.

जिथे असशील तिथे माझ्यावर रोष नसावा. असल्यास तो मला स्पष्ट कळवावा. मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
भाईदास गंगाराम सैंदाणे

ता. क. दुपारी साडेबारा वाजता खोलीच्या दारास कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या नगीनभाईंच्या हाती परत दिल्या.